जुनी हायड्रॉलिक लोडर क्रेन घेताना आणि दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठवड्याला एक तरी फोटो येतो. ट्रकच्या केबिनमागे झळझळीत पिवळी क्रेन, खाली एकच ओळ: "घेऊ का?" फोटोवरून रंग कळतो, क्रेन कळत नाही. म्हणून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एकाच गोष्टीचा उल्लेख दोन ठिकाणी आला, तर त्या प्रश्नाचा नंबर दिला आहे.

१. लोडर क्रेन म्हणजे आपली 'हायड्रा'च ना?

नाही. हायड्रा वजन पुढे टांगून चालत जाते. लोडर क्रेन ट्रकवर बसवलेली असते. ती जॅक (बाजूला काढून जमिनीवर टेकवायचे पाय) टेकवून उभी राहते, स्वतःच्याच ट्रकमध्ये माल चढवते, पोहोचल्यावर उतरवते. ट्रकच्या गिअरबॉक्सला पीटीओ (इंजिनाची ताकद बाहेर काढून देणारा जोड), पीटीओला पंप आणि पंपाच्या तेलावर सगळे सिलिंडर, अशी ही मांडणी. स्वीडनमधल्या हुडिक्सवाल गावी एरिक सुंदिन या स्की बनवणाऱ्या कारखानदाराने १९४४ मध्ये हियाब कंपनी काढली, ती ट्रकच्याच इंजिनावर हायड्रॉलिक क्रेन चालवायच्या कल्पनेतून. ब्रिटनमध्ये आजही कुठल्याही कंपनीच्या लोडर क्रेनला 'हियाब' म्हणतात, जसं आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो.

कागदावरही दोन्ही वेगळ्या. हायड्रा सहसा बांधकाम यंत्र म्हणून नोंदली जाते, लोडर क्रेनचा ट्रक मालवाहू वाहन म्हणून. हा फरक प्र. १४ मध्ये कामाला येईल.

२. दुमडणारा बूम (क्रेनचा हात) घ्यावा की सरळ?

फरशी, विटांचे पॅलेट, यंत्रं, दाराच्या आत सरकवायचा माल असेल तर दुमडणारा. युरोपीय क्रेन बहुतेक याच जातीच्या. पाईप, खांब, ट्रान्सफॉर्मर असं उंचावरून सरळ खाली सोडायचं काम असेल तर विंच आणि वायररोप असलेला सरळ बूम, जपानी-कोरियन पद्धतीचा. सरळ बूमची दुरुस्ती आपल्याकडच्या फिटरला सोपी जाते. मात्र वायररोप, शिवपुली (दोर ज्यावरून वळतो ते खाचेचं चाक) आणि विंचचा ब्रेक ही जादा तपासणी गळ्यात पडते.

३. "१० टनची क्रेन" म्हणून विकतायत. ती १० टन उचलते का?

जवळजवळ कधीच नाही. तो आकडा टन-मीटरचा असतो, म्हणजे वजन गुणिले कॉलमपासूनचं (क्रेनच्या फिरत्या उभ्या खांबापासूनचं) अंतर. १० टन-मीटरची क्रेन २ मीटरवर ५ टन उचलेल. ४ मीटरवर हिशेबाने अडीच टन, प्रत्यक्षात त्याहून थोडं कमी. ८ मीटरवर १ टनाच्या आसपास, कारण लांब काढलेल्या बूमचं स्वतःचं वजनही क्रेनलाच पेलायचं असतं. तुमचं रोजचं सगळ्यात जड वजन किती आणि ते सगळ्यात लांब कुठे ठेवायचं, हे दोन आकडे आधी लिहून काढा आणि मग क्रेन शोधा. लोक हे उलट्या क्रमाने करतात.

४. क्रेनवर प्लेट आणि लोड चार्ट (किती अंतरावर किती वजन, त्याचा तक्ता) नाही. घ्यावी का?

प्लेट नाही म्हणून लगेच नाही म्हणू नका, पण किंमत पाडा. प्लेटवर मॉडेल, अनुक्रमांक, वर्ष आणि कमाल दाब असतो. यातलं काही नसेल तर पार्ट मागवता येत नाही, चार्ट मिळत नाही आणि तपासणी करणारा सक्षम व्यक्तीही (कायद्याने मान्य तपासनीस, प्र. १७) अडून बसतो. बहुतेक कंपन्या अनुक्रमांक बेस किंवा कॉलमच्या पोलादावरही ठोकतात. रंग खरवडून तो शोधा आणि प्लेटशी ताडून पाहा.

एकदा मी हे केलं नाही. घरी आणून रंग काढला तेव्हा कळलं, प्लेट दुसऱ्याच, मोठ्या क्रेनची आणून रिव्हेट मारली होती. चार्ट मोठ्या क्रेनचा आणि सांगाडा लहान क्रेनचा. हे वापरात आल्यावर कळलं असतं तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

५. पाहायला जाताना काय न्यावं आणि सुरुवात कुठून करावी?

टॉर्च, तारेचा ब्रश, खडू, चिंध्या, एक पहार आणि जुने कपडे. सकाळी जा, आणि आदल्या दिवशीच मालकाला सांगा की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. गरम करून ठेवलेली क्रेन स्वतःची दुखणी लपवते.

पहिलं काम, ट्रकखाली वाकायचं. सबफ्रेम (क्रेन आणि चेसिसच्या मधली जोडचौकट) आणि चेसिसमध्ये फट आहे का, यू-बोल्ट किंवा स्टड सैल आहेत का, चेसिसच्या पट्टीवर कुणी वेल्डिंग किंवा भोकं केली आहेत का, ते पाहा. मग बेसचं वेल्डिंग, कॉलमचा पाया, मुख्य बूमची टाच (सिलिंडर जिथे बूमला धरतो ती जागा) आणि जॅकच्या आडव्या तुळया. तडा बहुधा वेल्डच्या कडेला सुरू होतो. रंगातून बारीक तांबूस रेघ डोकावत असेल तर तिथे तारेचा ब्रश मारा, खडूने खूण करा आणि फोटो काढा.

नंतर पहार. प्रत्येक पिनच्या सांध्यात ती घालून हलवा आणि खेळ पाहा. बूम आडवा काढून टोकाला हाताने डावीकडे-उजवीकडे ढकला. कॉलमच्या फिरत्या दात्यांमधला खेळ टोकाशी वीतभर होऊन दिसतो. एक्स्टेन्शनमधले नायलॉनचे पॅड झिजले असतील तर आतली पेटी वरच्या बाजूला घासल्याच्या चकचकीत खुणा दिसतात.

इंजिन सुरू करायचं ते सगळ्यात शेवटी. प्रत्येक लिव्हर दोन्ही दिशांनी पूर्ण स्ट्रोक चालवा आणि पंपाचा आवाज ऐका. कण्हत असेल तर सक्शन लाईन हवा ओढते आहे किंवा टाकीतलं तेल कमी आहे. यातलं काहीच नसेल तर पंप गेला. शेवटी चार्टवरचं वजन चार्टवरच्या अंतरावर उचलून दाखवायला सांगा. "आत्ता वजन कुठून आणू?" असं उत्तर आलं तर "मग उद्या येतो" म्हणा.

६. नुकताच रंग दिला आहे. हे चांगलं की वाईट?

ग्रीसवरच रंग मारला असेल, ग्रीस भरायचे निपल रंगाने बुजले असतील, होजपाईपही पिवळे झाले असतील, तर तो रंग गिऱ्हाइकासाठी आहे. तेलकट, कळकट, पण निपलभोवती ताजं ग्रीस बाहेर आलेली क्रेन मी केव्हाही आधी पाहीन. तेल गळतं ते दुरुस्त होतं. खरा धोका पोलादात असतो आणि रंग पोलाद झाकतो.

७. वजन धरून ठेवलं की बूम हळूहळू खाली येतो. मालक म्हणतो, "सील बदला, झालं." खरं आहे का?

असेलही, नसेलही. कारणं तीन आणि तिन्हींचा खर्च वेगळा.

पहिलं कारण म्हणजे आजारच नाही. गरम तेल थंड होताना आकसतं, दर १० अंशांना साधारण ०.७ टक्का. ६० अंशांचं तेल ३० वर आलं की दोन टक्के गेले. एक मीटर बाहेर आलेल्या सिलिंडरमध्ये ते दोन सेंटिमीटर होतात आणि बूमच्या टोकाशी वीतभर. तासाभरात एवढं उतरून मग थांबलं तर सोडून द्या.

दुसरं कारण, सिलिंडरवरचा लोड होल्डिंग व्हॉल्व्ह. होज फुटला तरी बूम जागेवर धरणारा हाच. त्याच्या सीटवर कचऱ्याचा एक कण बसला तरी बूम सरकतो. तो काढून साफ करा, नाहीतर बदला. त्याचा स्क्रू पिळून "सेटिंग" करू नका.

तिसरं कारण पिस्टनचं सील. ओळखायची सुरक्षित रीत अशी: वजन न लावता सिलिंडर पूर्ण बाहेर काढून टोकाला टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर हलवून दाब सोडा, रॉडच्या बाजूचा होज काढा आणि उघड्या तोंडाखाली बादली ठेवा. आता इंजिन सुरू करून बाहेर काढायच्याच दिशेने हळू दाब द्या. उघड्या तोंडातून तेल वाहत राहिलं तर सील गेलं. थेंबही आला नाही तर सिलिंडर निर्दोष, व्हॉल्व्हकडे वळा. वजन टांगलेलं असताना होज कधीही सोडायचा नाही. दाबाखालची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण त्याच दिवशी शस्त्रक्रिया करावी लागते.

८. रॉडवर गंजाचे खड्डे आहेत. नुसतं सील बदलून चालेल का?

महिनाभर चालेल. खड्ड्याची कड नव्या सीलला कापत राहते. नखाला लागत नाही एवढा डाग तेलदगडाने पुसा. नखाला लागतो त्याला जुना क्रोम काढून ग्राइंडिंग आणि नवा हार्ड क्रोम हाच उपाय. रॉड वाकलेला असेल तर क्रोमवर पैसे घालू नका, त्याच मापाच्या तयार क्रोम रॉडमधून नवा करून घ्या. जहाजी किंवा खाणीच्या कामातून आलेल्या क्रेनमध्ये हा खर्च आधीच धरा.

९. परदेशी क्रेनची सील किट इथे मिळते का?

बहुतेक मिळते, पण नावाने नाही, मापाने. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्याकडे भोसरीची औद्योगिक वसाहत, अशा ठिकाणी मापावरून सील जुळवून देणारे दुकानदार आहेत. जुनं सील फुगलेलं, चेपलेलं असतं. त्याचं माप घेऊ नका. रॉड, ग्लँड आणि खाचेचं माप व्हर्नियरने घ्या आणि जुनं सील फक्त आकार दाखवायला न्या. काही जुन्या क्रेन इंची मापाच्या निघतात, तिथे "जवळचं मिलिमीटर" चालवू नका.

१०. तेल कोणतं भरू?

कंपनीच्या पुस्तकात आहे ते. पुस्तक नसेल तर आपल्या हवेत ४६ ग्रेडचं हायड्रॉलिक तेल बहुतेक ठिकाणी चालतं. चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हात दिवसभर काम असेल तर ६८. इंजिन ऑइल "तेच की" म्हणून ओतू नका. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी आहे. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या क्रेनच्या टाकीचा ब्रीदर (हवा आत-बाहेर सोडणारं झाकण) तुटलेला असला की हे होतंच. अशा वेळी नुसती टाकी रिकामी करून भागत नाही, सिलिंडर आणि लाईनही धुवाव्या लागतात. दुरुस्तीनंतर पहिल्या ५० तासांनी फिल्टर बदला. आत राहिलेली कीस तिथेच अडकते.

११. रिलीफ व्हॉल्व्ह (तेलाचा कमाल दाब ठरवणारा) पिळून दाब वाढवला तर जास्त उचलेल का?

उचलेल. म्हणूनच ते धोक्याचं आहे. दाबाची मर्यादा पंपासाठी नसते, बूमच्या पोलादासाठी असते. व्हॉल्व्हवरची कंपनीची मोहोर तुटलेली, लॉकनटवर पान्याच्या ताज्या खुणा, असं दिसलं तर ही क्रेन आधी जादा दाबावर चालली आहे असं समजा आणि प्र. ५ मधली तड्यांची तपासणी पुन्हा करा. युरोपात १००० किलो किंवा ४०,००० न्यूटन-मीटरपासून वरच्या क्रेनला ओव्हरलोड संरक्षण सक्तीचं आहे. आपल्याकडे जुन्या क्रेनमध्ये ते हमखास बायपास केलेलं सापडतं, कारण "सारखं बंद पाडतं". ते जोडून घेणं हे दुरुस्तीचं पहिलं काम.

१२. बूमला तडा आहे. गावचा वेल्डर म्हणतो, "भरून देतो."

कुठे तडा आहे आणि पोलाद कोणतं आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

जुन्या क्रेनमध्ये साधारण ३५५ मेगापास्कल यील्डचं (म्हणजे एवढ्या ताणापर्यंत कायमचं न वाकणारं) पोलाद सापडतं. नव्या हलक्या क्रेनचे बूम ७००, अगदी ९६० मेगापास्कलच्या पत्र्याचे असतात. म्हणूनच तो पत्रा इतका पातळ ठेवता येतो. त्याची ताकद कारखान्यातल्या तापवण्या-थंड करण्याच्या प्रक्रियेतून येते. त्यावर नेहमीचा वेल्डिंग रॉड लावून, जास्त करंट ठेवून जाड मणी ओढला की वेल्डच्या शेजारची पट्टी नरम पडते आणि पुढचा तडा तिथूनच जातो. वर जाड पट्टी ठोकली तर आणखी वाईट, कारण ताण पट्टीच्या कडेला गोळा होतो.

कंसाचा, टाकीच्या धारकाचा तडा असेल तर चांगला वेल्डर पुरे. मुख्य बूम, कॉलम, बेस किंवा जॅकच्या तुळईतला असेल तर कंपनीची दुरुस्ती पद्धत हातात असल्याशिवाय वेल्डिंगला हात घालू नका. आधी डाय पेनिट्रंट टेस्ट करा. लाल रंगाचा फवारा, पुसणं, पांढरा डेव्हलपर, की तड्याची खरी लांबी दिसते आणि ती डोळ्याला दिसली त्याहून बहुधा जास्त निघते. टोकाशी भोक पाडून "तडा थांबवला" हा तात्पुरता उपाय, दुरुस्ती नव्हे. कॉलमला तडा असलेली क्रेन मी स्वतः घेत नाही, फुकट दिली तरी. सुट्या भागांसाठी भंगाराच्या भावाने घ्यायची तर गोष्ट वेगळी.

१३. पिन आणि बुशमध्ये किती खेळ चालतो?

पुस्तकात मर्यादा असते तीच. पुस्तक नसेल तर पहारेने खडखड ऐकू आली की काम काढा. पिन मिश्र पोलादाची, टणक केलेली असावी. साध्या माइल्ड स्टीलची पिन लेथवरून स्वस्तात मिळते आणि तितक्याच लवकर अंडाकृती होते. भोकच लांबट झालं असेल तर नवी बुश ठोकून उपयोग नाही, लाइन बोअरिंग (समोरासमोरची भोकं एका रेषेत पुन्हा गोल कापणं) करावं लागतं. ग्रीस जात नसलेला निपल आधी बदला. निम्मी झीज त्या बंद निपलांनीच केलेली असते.

१४. क्रेन चांगली आहे, ट्रक गेला आहे. माझ्या ट्रकवर बसवता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या बहुधा हो, पण हिशेब करून. १० टन-मीटरची क्रेन स्वतः टन-सव्वा टन भरते, वर सबफ्रेम आणि जॅक. एवढी मालाची क्षमता कमी होते. केबिनमागे बसवली तर पुढच्या ॲक्सलवर भार वाढतो, मागे बसवली तर पुढचा ॲक्सल हलका होऊन घाटात स्टीअरिंग सुटल्यासारखं वाटतं. दोन्ही अवस्था, रिकामा आणि भरलेला ट्रक, कागदावर मांडून पाहा. सबफ्रेमशिवाय क्रेन थेट चेसिसवर बसवायची नाही आणि चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही. ट्रक कंपनीची बॉडी बिल्डर मार्गदर्शिका मागून घ्या.

कायद्याने मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ लागू होतं. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. म्हणून आधी परिवहन कार्यालयात विचारा, मग बसवा. उलट क्रमाने केलं तर पासिंगच्या दिवशी अडकता.

१५. ट्रकसकट घेताना कागद कोणते पाहू?

आरसीवरचं चेसिस आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष ताडून पाहा. बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातला असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. खरेदीदाराने ३० दिवसांत कळवायचं असतं. ८ वर्षांवरच्या मालवाहू ट्रकचं फिटनेस दर वर्षी. आणि आरसीत क्रेनचा उल्लेख आहे का ते जरूर पाहा. अनेक ट्रकांवर क्रेन आहे, आरसीत मात्र नुसती उघडी बॉडी.

१६. जपान किंवा युरोपातून जुनी क्रेन आणता येते का?

ट्रकसकट बहुधा नाही. जुनं वाहन ३ वर्षांपेक्षा जुनं नको, स्टीअरिंग उजवीकडे हवं आणि ते मुंबई बंदरातूनच यावं, अशा अटी आहेत. उतरवलेली नुसती क्रेन जुनं यंत्र म्हणून येऊ शकते. त्यासाठी चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. कस्टम हाऊस एजंटाशी क्रेनचे पैसे पाठवण्याआधी बोला. कंट्रोल व्हॉल्व्ह आणि वायरिंग उतरवताना कापलेलं असेल तर जोडणीचा खर्च भाड्याइतकाच होतो.

१७. दुरुस्तीनंतर लोड टेस्ट सक्तीची आहे का?

कारखान्यात क्रेन वापरायची तर नोव्हेंबर २०२५ पर्यंत कारखाने अधिनियम १९४८ चं कलम २९ लागू होतं, आता त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे. कलम २९ सांगत होतं: उचलणाऱ्या यंत्राची सक्षम व्यक्तीकडून १२ महिन्यांतून किमान एकदा कसून तपासणी. एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्या गेटवरच हे प्रमाणपत्र मागतात. कायद्याने विचारलं नाही तरी बेस, बूम, सिलिंडर यांना हात लावल्यावर टेस्ट कराच. क्रेनच्या चाचणीचा आयएसओ ४३१० हा मानक स्थिर चाचणीला १२५ टक्के आणि हालत्या चाचणीला ११० टक्के वजन सांगतो. सिमेंटच्या मोजलेल्या ब्लॉकने करा, "अंदाजे दोन टनाच्या" लोखंडाने नाही.

१८. ट्रकचा विमा आहे. क्रेन उलटली तर मिळेल ना?

पॉलिसीत आयएमटी ४७ हे कलम शोधा. क्रेन म्हणून काम करताना वाहन उलटलं तर ते नुकसान हे कलम वगळतं, जादा हप्ता भरून ते झाकलं नसेल तर. रस्त्यावरचा अपघात वेगळा आणि जॅक टेकवल्यानंतरचा अपघात वेगळा. हा फरक बहुतेक मालकांना दावा नाकारल्यावर कळतो.

१९. काळ्या मातीत जॅक रुततात. काय करावं?

पाया मोठा करा. एका पायावर ८ टन आले आणि पायाची थाळी ३० बाय ३० सेंटिमीटरची असेल तर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ९ किलो येतात. तेच ६० बाय ६० च्या जाड फळीवर सव्वादोन. पावसाळ्यातल्या काळ्या मातीला तेही जास्त होतं, तिथे लाकडी स्लीपर आडवे-उभे रचून रुंदी वाढवा किंवा माल रस्त्यावरच उतरवा. बुजवलेल्या चरावर आणि विहिरीच्या कडेला जॅक टेकवायचा नाही.

२०. हुकाला टोपली लावून माणूस वर नेता येतो का?

नाही. माणूस उचलायच्या क्रेनची रचना आणि सुरक्षा यंत्रणा वेगळी असते. दिवाबत्तीचं काम असलं तरी नाही. आणि वर तारा असतील तर अंदाजाने बूम फिरवू नका. ५० केव्हीपर्यंत किमान ३ मीटर हा अमेरिकी नियम आहे. त्याहून जवळ जायचं असेल तर महावितरणकडून लाईन बंद करून घ्या.

२१. मुंबईच्या दारूखान्यात किंवा गुजरातेत अलंगला, जिथे जहाजं तोडतात, जहाजावरची क्रेन भंगारात स्वस्त मिळते. ती ट्रकवर बसवू का?

हा मोह बऱ्याच जणांना होतो. जहाजाची क्रेन डेकवर पक्क्या खांबाला बोल्ट केलेली असते. तिला जॅक नसतात. पंप बहुधा जहाजाच्या विजेवर चालणारा आणि खांबाचं वजनच ट्रकचा निम्मा माल खातं. वर खाऱ्या पाण्याने रॉडचं काय केलं असेल ते प्र. ८ मध्ये आहेच. पूर्ण क्रेन म्हणून घेऊ नका. तिच्यातले हायड्रॉलिक मोटर, चांगल्या स्थितीतले व्हॉल्व्ह ब्लॉक, शॅकल आणि शिवपुल्या मात्र उचलून आणण्यासारख्या असतात. हूक आणताना तोंड फाकलेलं नाही ना आणि मधली जाडी १० टक्क्यांहून जास्त झिजलेली नाही ना, हे तिथेच मोजा. घरी आल्यावर भंगारवाला परत घेत नाही.